स्वयंसेवकाची भूमिकानिवड : डेबियन प्रकल्पाचा ऐतिहासिक अभ्यास (१९९३ ते २०२४)

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास लिहिताना यंत्रे, कंपन्या आणि शोधकर्ते यांचा विचार अग्रक्रमाने केला जातो. परंतु आज जगातील असंख्य सर्व्हर, संशोधनसंस्था व कार्यालये ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्याचा मोठा भाग विनावेतन काम करणाऱ्या व्यक्तींनी घडविलेला आहे. ज्या सॉफ्टवेअरचे मूळ लेखन कोणासही वाचता येते, बदलता येते आणि पुन्हा इतरांना देता येते, त्यास मुक्त स्रोत सॉफ्टवेअर असे म्हणतात. अशा प्रकल्पांत येणाऱ्या नव्या माणसासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, आपण नेमके कोणते काम घ्यावे?

हा प्रश्न वरकरणी वैयक्तिक आवडीचा वाटतो. स्वयंसेवकाने पडेल ते काम करावे, ही आपल्याकडील सर्वसाधारण समजूत. मुक्त स्रोत चळवळीतील प्रचलित समजूत याच्या अगदी उलट आहे. ज्याला जे काम रुचेल ते त्याने करावे आणि अशा स्वेच्छेने केलेल्या कामांच्या बेरजेतून प्रकल्प उभा राहावा, असे तेथे गृहीत धरले जाते. एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या 'कथीड्रल आणि बाजार' या प्रसिद्ध निबंधातही, चांगल्या सॉफ्टवेअरचा उगम ते लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या निकडीत असतो, असा विचार आढळतो. या विचाराने कामाच्या आरंभाचे स्पष्टीकरण मिळते. परंतु आरंभ झाल्यानंतर दहा-वीस वर्षे तेच काम कोण सांभाळतो आणि का, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही.

प्रस्तुत लेखात डेबियन या प्रकल्पाच्या तीन दशकांच्या वाटचालीच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. डेबियनची निवड करण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, हा प्रकल्प कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नसून तो मुख्यतः स्वयंसेवकांनी चालविलेला आहे. दुसरे असे की, त्याने आपले करार, घटना, ठराव आणि मतदानाचे निकाल लेखी व सार्वजनिक स्वरूपात जतन केले आहेत. त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकास साधनांची वाण पडत नाही. स्वयंसेवकाच्या भूमिका कशा घडत गेल्या, कोणत्या भूमिकांना मान्यता मिळाली, कोणत्या दीर्घकाळ उपेक्षित राहिल्या आणि घेतलेली भूमिका खाली ठेवण्याची सोय कितपत निर्माण झाली, हे तपासणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. स्थापना आणि 'पॅकेज' हा कामाचा घटक

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयान मर्डॉक या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. डेब्रा हे त्याच्या तत्कालीन मैत्रिणीचे नाव आणि इयान हे स्वतःचे नाव, या दोहोंच्या जोडणीतून 'डेबियन' हा शब्द तयार झाला. त्या काळी लिनक्सचा गाभा आणि त्यासोबत लागणाऱ्या आज्ञावली एकत्र करून वाटणारे जे संच उपलब्ध होते, त्यांतील एसएलएस या संचाची देखभाल अतिशय ढिसाळ होती. त्याबद्दलच्या असमाधानातून हा प्रकल्प जन्मास आला. नवी आज्ञावली लिहिणे हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. इतरांनी लिहिलेल्या आज्ञावली नीट जुळवून, तपासून, सांभाळून लोकांच्या हाती देणे हा होता. प्रकल्पाच्या मुळाशी निर्मितीपेक्षा देखभाल होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

आरंभी मोजक्या लोकांच्या हातात असलेले हे काम वाढू लागले, तेव्हा त्याची वाटणी करणे क्रमप्राप्त झाले. ही वाटणी 'पॅकेज' या घटकाच्या आधारे झाली. एखादी आज्ञावली, तिची माहितीपत्रे आणि ती संगणकावर बसविण्याच्या सूचना यांचे एकत्रित गाठोडे म्हणजे पॅकेज. मार्च १९९५ मधील आवृत्तीपर्यंत प्रत्येक सहभागी व्यक्तीने आपापली पॅकेजे सांभाळावीत, ही पद्धत रूढ झाली होती आणि पॅकेजे बसविणारे 'डीपीकेजी' हे साधनही वापरात आले होते. अशा प्रकारे 'देखभालकर्ता' ही डेबियनमधील पहिली सुस्पष्ट भूमिका अस्तित्वात आली.

या वाटणीमुळे प्रकल्पाची वाढ झपाट्याने झाली. जून १९९६ मधील १.१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील १.२ या आवृत्तीत ती ८४८ झाली आणि सांभाळणारे सुमारे १२० जण होते. जुलै १९९८ मधील २.० या आवृत्तीत पॅकेजांची संख्या १,५०० च्या वर आणि देखभालकर्त्यांची संख्या ४०० च्या वर गेली. दोन वर्षांपेक्षा थोड्या अधिक काळात झालेली ही वाढ पाहता, कामाचे लहान व स्वतंत्र तुकडे पाडणे ही स्वयंसेवकांना सामावून घेण्याची अत्यंत परिणामकारक रीत होती, असे म्हणावे लागेल. नव्या माणसाने समग्र प्रणाली समजून घेण्याची आवश्यकता नव्हती. आपल्या उपयोगाचे एक पॅकेज त्याने निवडावे आणि तेवढ्याची जबाबदारी घ्यावी.

मात्र या रीतीचा एक परिणाम दूरगामी ठरला. काम म्हणजे पॅकेज, हे समीकरण एकदा रूढ झाल्यावर जे काम पॅकेजच्या मापात बसत नाही ते काम मोजलेच जाईना. भाषांतर, माहितीपत्रांचे लेखन, दोषांच्या तक्रारींची छाननी, नवागतांना मार्गदर्शन ही कामे होत होती. पण ती करणाऱ्यास प्रकल्पाच्या रचनेत स्वतंत्र नाव नव्हते.

२. करार, घटना आणि कामाची ऐच्छिकता

५ जुलै १९९७ रोजी डेबियनने 'सामाजिक करार' संमत केला. आपण तयार केलेली प्रणाली मुक्त राहील, दोष लपविले जाणार नाहीत आणि वापरकर्त्यांच्या हिताला प्राधान्य दिले जाईल, अशी अभिवचने त्यात दिली आहेत. त्यासोबतच्या मार्गदर्शक तत्त्वांवरून १९९८ मध्ये 'मुक्त स्रोत' या संकल्पनेची अधिकृत व्याख्या तयार झाली. त्यापाठोपाठ २ डिसेंबर १९९८ रोजी प्रकल्पाची लेखी घटना अमलात आली. प्रकल्पप्रमुखाची दरवर्षी मतदानाने निवड, तांत्रिक वाद सोडविणारी समिती, सदस्यांचे सार्वत्रिक ठराव आणि ते फिरविण्याचे अधिकार यांची तरतूद या घटनेत आहे.

या घटनेच्या आरंभीच एक तत्त्व नमूद केलेले आहे. त्याचा आशय असा की, ही घटना कोणावरही काम करण्याचे बंधन घालत नाही. एखाद्यावर सोपविलेले काम त्यास करावयाचे नसेल तर त्याने ते करू नये. मात्र रीतसर घेतलेल्या निर्णयांच्या विरोधात त्याने सक्रिय काम करता कामा नये. प्रमुखास निवडून देणारी परंतु त्याच्या हाती आज्ञा देण्याचा अधिकार न ठेवणारी ही रचना राज्यशास्त्राच्या अभ्यासकासही विचारप्रवृत्त करणारी आहे. प्रमुख विनंती करू शकतो, अधिकार सोपवू शकतो, मत बनवू शकतो; पण 'हे काम तू कर' असे सांगू शकत नाही.

आपल्या ग्रामीण जीवनात सावड किंवा इर्जिक या नावांनी ओळखली जाणारी श्रमांची देवाणघेवाण परिचित आहे. तेथे आज मी तुझ्या शेतात राबलो तर उद्या तू माझ्या शेतात येशील, असा अलिखित हिशेब असतो आणि तो गावाच्या नजरेखाली पाळला जातो. डेबियनमध्ये असा परतफेडीचा हिशेब नाही. ज्याचे काम आपण वापरतो त्याचे तोंडही आपण पाहिलेले नसते. त्यामुळे बंधनाची जागा दोनच गोष्टी घेतात : स्वतःहून दिलेला शब्द आणि केलेल्या कामाची समाजाने घेतलेली दखल. भूमिकानिवडीचा पुढील सर्व इतिहास या दोन गोष्टींभोवती फिरताना दिसतो.

३. प्रवेशाची अट : विश्वास कसा मोजावा?

सदस्यसंख्या शेकड्यांत गेल्यावर ओळखीवर आधारलेला विश्वास अपुरा पडू लागला. देखभालकर्त्याने चढविलेले पॅकेज जगभरातील संगणकांवर सर्वोच्च अधिकारांनिशी बसविले जाते. एका बेजबाबदार किंवा दुष्ट हेतूच्या व्यक्तीकडून होऊ शकणारे नुकसान त्यामुळे मोठे आहे. १९९९ च्या उत्तरार्धात प्रकल्पाने नवे सदस्य घेणे थांबविले आणि २००० मध्ये नव्या कार्यपद्धतीने प्रवेश पुन्हा सुरू केला.

या पद्धतीत विद्यमान सदस्याची शिफारस, ओळखीची पडताळणी, सामाजिक कराराचे व कार्यपद्धतीचे आकलन, प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा आणि अंतिम मंजुरी असे टप्पे ठेवण्यात आले. ओळखीच्या पडताळणीसाठी सहसा एखाद्या जुन्या सदस्यास समक्ष भेटून आपल्या अंकीय स्वाक्षरीच्या किल्लीवर त्याची साक्ष घ्यावी लागे. युरोपातील शहरांत ही बाब सोपी होती. जेथे जुने सदस्य विरळ होते अशा देशांतील इच्छुकांना मात्र ती कठीण जात असे. म्हणजे भूमिका निवडण्याचे स्वातंत्र्य तत्त्वतः सर्वांना समान असले, तरी व्यवहारात ते भूगोलावरही अवलंबून होते.

या पद्धतीने प्रकल्पाला शिस्त लाभली यात शंका नाही. ऑगस्ट २००० मधील २.२ या आवृत्तीच्या वेळी ४५० हून अधिक असलेली सदस्यसंख्या जुलै २००२ मधील ३.० च्या वेळी ९०० च्या वर गेली. परंतु परीक्षा मुख्यतः पॅकेज तयार करण्याच्या कौशल्याची होती. पॅकेज हे ज्याचे काम नाही त्यासाठी या दारातून आत येण्याचा मार्ग सुलभ नव्हता. काही अंशी यावर उपाय म्हणून २००७ मधील सार्वत्रिक ठरावाने 'डेबियन मेंटेनर' हा मधला दर्जा मान्य करण्यात आला. त्यानुसार पूर्ण सदस्यत्वाआधीच मर्यादित पॅकेजे स्वतः चढविण्याचा अधिकार मिळू लागला. मात्र हा दर्जाही पॅकेजशीच निगडित होता.

४. देखभालकर्त्याच्या भूमिकेतील जोखीम

देखभालकर्ता हा मूळ आज्ञावलीचा लेखक नसतो. तो लेखक आणि वापरकर्ता यांच्यामधला दुवा असतो. या मधल्या जागेतील जोखीम २००८ मध्ये प्रकर्षाने समोर आली. 'ओपनएसएसएल' हे संगणकांमधील संवाद सांकेतिक रूपात सुरक्षित ठेवणारे सॉफ्टवेअर आहे. २००६ मध्ये त्याच्या डेबियन आवृत्तीतून, दोषशोधक साधन हरकत घेते म्हणून, काही ओळी वगळण्यात आल्या. त्याबाबत मूळ प्रकल्पातील लोकांकडे विचारणाही झाली होती. पण त्या ओळींतील एक, सांकेतिक किल्ल्यांसाठी लागणारी यादृच्छिकता गोळा करीत होती. ती गेल्यावर यादृच्छिकतेचा उरलेला स्रोत केवळ ३२,७६८ शक्यतांपुरता राहिला. १३ मे २००८ रोजी हा दोष जाहीर झाला आणि सुमारे वीस महिन्यांत तयार झालेल्या असंख्य किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या.

या घटनेची मीमांसा बहुधा एखाद्या व्यक्तीच्या चुकीच्या अंगाने केली जाते. इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ अधिक व्यापक आहे. दोन भूमिकांच्या सीमेवरील काम दोघांनीही दुसऱ्याचे मानले आणि तपासणी करणारी तिसरी भूमिका त्या जागी कोणी निवडलेलीच नव्हती. 'मी काय करू?' या प्रश्नाचे उत्तर शोधणारा स्वयंसेवक सामान्यतः काही तरी बनविण्याची भूमिका घेतो. दुसऱ्याने केलेले शांतपणे वाचून तपासण्याची भूमिका फारच थोडे जण आपणहून घेतात.

५. मोबदल्याचा प्रयोग आणि त्याची प्रतिक्रिया

जी कामे कोणी आपणहून घेत नाही किंवा ज्यांत अतोनात वेळ जातो, ती पैसे देऊन करून घ्यावीत काय? हा प्रश्न २००६ मध्ये तीव्रतेने पुढे आला. त्यावेळी ४.० ही आवृत्ती डिसेंबर २००६ मध्ये प्रकाशित करण्याचे योजिले होते. ते वेळेवर व्हावे म्हणून तत्कालीन प्रकल्पप्रमुखांसह काही सदस्यांनी 'डंक-टँक' नावाचा प्रयोग प्रकल्पाच्या औपचारिक चौकटीबाहेर सुरू केला. देणग्या जमवून आवृत्ती-व्यवस्थापनाची जबाबदारी असलेल्या दोघांना काही काळ पूर्णवेळ कामासाठी मानधन द्यावे, अशी ही योजना होती.

तिच्यावरून प्रकल्पात उघड फूट पडली. दोघांनाच पैसे मिळणार असतील तर आम्ही विनामूल्य का राबावे, असा सूर उमटला आणि काहींनी आपले काम कमी केले. प्रमुखास पदावरून दूर करण्याचा ठरावही मतास टाकण्यात आला. तो फेटाळला गेला. आवृत्ती अखेर ८ एप्रिल २००७ रोजी प्रकाशित झाली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या प्रसंगावरून पैसा आणि स्वयंसेवा एकत्र नांदूच शकत नाहीत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. २०१४ पासून जुन्या आवृत्त्यांना दीर्घकाळ सुरक्षा-सुधारणा पुरविण्याचे काम कंपन्यांच्या वर्गणीतून मानधन देऊन केले जात आहे आणि त्यास तसा विरोध झाला नाही. दोन्हींत फरक आहे. जुन्या आवृत्तीची डागडुजी हे असे काम आहे की, ते स्वेच्छेने करण्यास पुरेसे लोक पुढे येत नव्हते. २००६ मध्ये मात्र इतरजण ज्या कामात विनामूल्य सहभागी होते, त्याच कामातील काही भूमिकांना वेगळे मोल लावले गेले. स्वयंसेवकास खटकले ते मोबदला दिला जाणे नव्हे, तर आपल्या भूमिकेची नकळत झालेली प्रतवारी होय, असे या दोन प्रसंगांच्या तुलनेतून दिसते.

६. पॅकेज न करणाऱ्यांना मान्यता

प्रकल्पात स्त्रियांचा सहभाग वाढावा या हेतूने मे २००४ मध्ये 'डेबियन विमेन' हा उपक्रम सुरू झाला. नवागतांना मार्गदर्शन करणे, प्रश्न विचारण्यास निर्भय वातावरण देणे आणि पॅकेजखेरीज इतर कामांकडेही लक्ष वेधणे, हे त्याचे स्वरूप होते. भूमिकानिवड ही केवळ क्षमतेची बाब नसून आपले येथे स्वागत होईल किंवा नाही या भावनेशीही निगडित आहे, हे या उपक्रमाने अधोरेखित केले.

निर्णायक पाऊल मात्र ऑक्टोबर २०१० मधील सार्वत्रिक ठरावाने पडले. प्रकल्पाची मूल्ये मान्य असणारे व सातत्याने काम करणारे भाषांतरकार, माहितीलेखक आदींनाही सदस्यत्व मिळावे, असे त्या ठरावाने ठरले. त्यांना पॅकेज चढविण्याचा अधिकार नसला, तरी मतदानाचा अधिकार समान आहे. प्रकल्पाच्या स्थापनेनंतर सतरा वर्षांनी ही मान्यता मिळाली, ही बाब लक्षणीय आहे. काम आधीपासून होत होते. नाव आणि मत उशिरा मिळाले. एखाद्या भूमिकेस मताधिकार नसेल तर ती भूमिका निवडणारी व्यक्ती प्रकल्पाच्या भवितव्याविषयी बोलू शकत नाही. ती मदतनीसच राहते, नागरिक होत नाही. या अर्थाने २०१० चा ठराव म्हणजे डेबियनमधील मताधिकाराचा विस्तार होय.

७. मराठीच्या संदर्भात

या इतिहासाचा मराठीशी थेट संबंध येतो तो फेब्रुवारी २००९ मधील ५.० या आवृत्तीत. या आवृत्तीच्या स्थापनाप्रणालीत, म्हणजे संगणकावर डेबियन बसविताना दिसणाऱ्या सूचनांत, पाच नव्या भाषांची भर पडली आणि त्यांत मराठी होती. एकूण भाषांची संख्या ६३ झाली. यांपैकी काही भाषा फक्त चित्ररूप पडद्यावरच उपलब्ध होत्या. जोडाक्षरे व मात्रा यांची योग्य जुळणी साध्या अक्षरपडद्यावर होत नसल्याने देवनागरीसारख्या लिप्यांना ही मर्यादा सोसावी लागते.

अशा भाषांतरात केवळ शब्दास शब्द ठेवून भागत नाही. 'फाइल' ठेवावे की 'संचिका' म्हणावे, 'पासवर्ड' की 'परवलीचा शब्द', याचा निर्णय घ्यावा लागतो आणि तो शेकडो वाक्यांत सारखा पाळावा लागतो. शिवाय प्रत्येक आवृत्तीत मूळ वाक्ये बदलतात. त्यामुळे भाषांतरही एकदा करून संपत नाही, ते सांभाळावे लागते. भाषांतरकार हाही अंतिमतः देखभालकर्ताच असतो.

दुसरे उदाहरण अक्षरसंचाचे घेता येईल. 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'तऱ्हा' या शब्दांत येणारा अर्धा 'र' हे मराठी लेखनाचे वैशिष्ट्य आहे. हिंदीसाठी तयार केलेल्या अक्षरसंचात तो चुकीचा उमटला तर हिंदी वाचकाच्या ते ध्यानातही येणार नाही. तो दोष पाहणारा, नेमक्या शब्दांत नोंदविणारा आणि दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणारा माणूस मराठी वाचकच असावा लागतो. त्यास आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. अशी भूमिका कोणी घेतली नाही, तर दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि पुढे तोच लेखनाचा नियम असल्याचा समज रूढ होण्याचा धोका असतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद केरळमधील कोची येथे भरली. भारतात भरलेली ही पहिली परिषद होय. एकेकाळी जुन्या सदस्याची समक्ष भेट हाच भारतीय इच्छुकांसमोरील अडथळा होता, हे लक्षात घेता या घटनेचे महत्त्व स्पष्ट होते.

८. भूमिका खाली ठेवण्याचा प्रश्न

भूमिका घेण्याविषयी जेवढी चर्चा होते तेवढी ती सोडण्याविषयी होत नाही. स्वयंसेवकाच्या आयुष्यात नोकरी, विवाह, आजारपण, वार्धक्य येते, आवडही बदलते. डेबियनने या वस्तुस्थितीची दखल बऱ्याच आधी घेतली. जे पॅकेज सांभाळणे शक्य नाही ते 'अनाथ' म्हणून जाहीर करता येते, त्यासाठी नवा पालक मागता येतो किंवा केवळ साहाय्य मागता येते. अशा पॅकेजांची यादी सर्वांसाठी खुली असते. दीर्घकाळ प्रतिसाद न देणाऱ्या सदस्यांची विचारपूस करणारा गट आहे, सन्मानपूर्वक निवृत्त होण्याची सोय आहे आणि २०१८ पासून दुर्लक्षित पॅकेज ठरावीक मुदतीच्या सूचनेनंतर दुसऱ्याने हाती घेण्याची रीतही आहे.

या सोयींचे मोल २०२४ मधील घटनेने अधोरेखित केले. 'एक्सझेड' हे माहितीचा आकार कमी करणारे छोटे सॉफ्टवेअर. ते डेबियनबाहेरील स्वतंत्र प्रकल्प असून जवळजवळ प्रत्येक लिनक्स संचात वापरले जाते. त्याची जबाबदारी प्रदीर्घ काळ एकाच स्वयंसेवकावर होती. २०२१ पासून टोपणनावाने एक व्यक्ती तेथे नियमित मदत करू लागली. २०२२ मध्ये, मूळ देखभालकर्ता पुरेसा वेळ देत नाही, त्याने जबाबदारी दुसऱ्याकडे द्यावी, असा दबाव काही अनोळखी नावांनी आणला. यथावकाश त्या मदतनीसास अधिकार मिळाले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मधील आवृत्त्यांत त्याने दूरस्थ संगणकात शिरकाव करू देणारा छुपा मार्ग पेरला. डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत तो पोहोचला होता. एका अभियंत्यास आपल्या संगणकावरील प्रवेशास सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब होतो, एवढेच जाणवले. त्याने पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघडकीस आणला. स्थिर आवृत्ती बचावली.

या घटनेत दोन भूमिका समोरासमोर दिसतात. एक, थकलेला व एकटा पडलेला देखभालकर्ता. ओझे खाली ठेवण्यासाठी विश्वासू हात त्यास मिळाले नाहीत आणि मिळाले ते शत्रूचे निघाले. दुसरी, कोणतीही नेमणूक नसताना अर्ध्या सेकंदाचे कारण शोधणारा तपासनीस. नवागताचे धैर्य, चिकाटी आणि वर्षभराची नियमितता यांवरून विश्वास ठेवण्याची परंपरा या क्षेत्रात आहे. तीच परंपरा येथे हत्यार म्हणून वापरली गेली. तथापि यावर उपाय नवागतांवर संशय घेणे हा नसून, कोणत्याही महत्त्वाच्या कामावर एकच माणूस राहू न देणे हा आहे. संकटाच्या वेळी मदतीस धावणारा अनोळखी हात आणि आधीपासून शेजारी बसून काम शिकलेला सहकारी यांत फरक आहे, आणि असा सहकारी ऐनवेळी तयार करता येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

मुक्त स्रोत प्रकल्पातील भूमिकानिवड ही स्वतंत्र असली तरी ती निर्वात पोकळीत होत नाही. कामाचे तुकडे कसे पाडले आहेत, कोणत्या कामास नाव व मत आहे, प्रवेशाची परीक्षा कोणत्या कौशल्याची आहे, यांवरून स्वयंसेवकास उपलब्ध पर्याय ठरतात. डेबियनमध्ये पॅकेज या घटकाने प्रकल्प वाढविला आणि त्याच घटकाने भाषांतरकार व लेखक यांना सतरा वर्षे उंबरठ्यावर ठेवले.

ऐच्छिक कामात मोबदल्यापेक्षा दखल अधिक निर्णायक ठरते. २००६ चा वाद आणि २०१० चा ठराव या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. पहिल्यात भूमिकांची प्रतवारी झाली म्हणून लोक दुरावले. दुसऱ्यात समान मत मिळाल्याने वर्तुळ रुंदावले.

सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, जी भूमिका सन्मानाने सोडता येत नाही ती खऱ्या अर्थाने निवडलेली भूमिका नव्हे. ती निवड म्हणून सुरू होते आणि वेठ म्हणून संपते. म्हणून नव्या स्वयंसेवकास द्यावयाचा सल्ला 'जे आवडेल ते करा' एवढ्यावर थांबू नये. ज्या कामाची आपल्याला स्वतःस गरज आहे, जे आधीच कोणी एकटा ओढत आहे आणि ज्यात आपण त्याचे भागीदार होऊ शकतो, असे काम निवडावे. आणि पहिल्या दिवसापासून ते दुसऱ्यास समजेल अशा रीतीने लिहून ठेवावे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने याचा अर्थ व्यापक आहे. असे प्रकल्प संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरतेच आहेत, ही समजूत या इतिहासास धरून नाही. परवान्यांचा अर्थ लावण्यास कायद्याचा अभ्यासक, पारिभाषिक शब्दांच्या निवडीस भाषेचा प्राध्यापक, माहितीपत्रांच्या लेखनास चांगला गद्यलेखक आणि निर्णयांच्या नोंदी जतन करण्यास इतिहासाचा विद्यार्थी तेथे तितकाच आवश्यक आहे. मराठीतील सूचना शुद्ध असाव्यात आणि 'दुसऱ्या' हा शब्द पडद्यावर 'दुसऱ्या' असाच उमटावा, यासाठी कोणती कंपनी बांधील नाही. ते काम कोणी तरी निवडावे लागते, काही वर्षे सांभाळावे लागते आणि वेळेवर पुढच्याच्या हाती सोपवावे लागते.